‘भाडेकरूंसह मिळकत’ घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? पुण्यातल्या एका वाड्याचं प्रकरण

विक्रेत्याने दिलेली यादी एका पानाची होती. वर ‘भाडेकरूंचा तपशील’ असं टाईप केलेलं, खाली पाच ओळी. तळमजला, रस्त्याकडचा गाळा: ३१० रुपये. तळमजला, मागच्या दोन खोल्या: १६५. पहिला मजला: १९०. दुसरा मजला, पुढची बाजू: १४,०००. दुसरा मजला, मागची खोली: ५००. शेवटी बेरीज, दरमहा १५,१६५ रुपये. बेरजेखाली पेनाने दोनदा रेघ ओढली होती.

ही यादी घेऊन एक बहीण-भाऊ वकील म्हणून माझ्याकडे आले. बहीण परिचारिका, भावाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं छोटं दुकान. वडील गेल्यावर हातात आलेली रक्कम, थोडं कर्ज आणि बहिणीची बचत एवढ्यावर पुण्याच्या एका पेठेतला जुना तीन मजली वाडा घ्यायचा त्यांचा विचार होता. आई गुडघ्यांनी अधू. सध्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी आईसाठी मनात नक्कीसुद्धा केल्या होत्या.

“मॅडम, भाडेकरू आहेत म्हणजे भाडं सुरूच राहील,” भाऊ म्हणाला. “आणि त्या दोन खोल्या रिकाम्या करून घेऊ. एक महिन्याची नोटीस दिली की झालं, नाही का?”

दोन्ही वाक्यं चुकीची होती, पण त्यात त्याचा दोष नव्हता. ‘भाडेकरू असलेली मिळकत’ हा शब्दप्रयोगच असा आहे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दरमहा येणारे पैसे उभे राहतात. प्रत्यक्षात त्या शब्दांचा पहिला अर्थ पैशांचा नाहीच, ताब्याचा आहे. भिंती, छप्पर, जागा तुमच्या नावावर होतात. आत राहण्याचा हक्क मात्र दुसऱ्याचाच राहतो, आणि तो हक्क विक्रीने जराही हलत नाही. हे प्रकरण मी लिहून काढते आहे ते यासाठी, की या एका वाड्यात त्या एका शब्दाचे पाच वेगवेगळे अर्थ निघाले. पक्षकारांच्या संमतीने लिहिते आहे. पेठ आणि नावं सांगत नाही, आकडे थोडे बदलले आहेत.

आधी दारं, मग दस्त

विक्रेत्याच्या वकिलांनी खरेदीखताचा मसुदा तयारच ठेवला होता. त्यात ठरलेलं वाक्य होतं: सदर मिळकतीचा खुला, रिकामा व प्रत्यक्ष ताबा आज रोजी खरेदीदार यांना दिला आहे. पाच बिऱ्हाडं आत, आणि दस्तात ‘रिकामा’! ही नक्कल वर्षानुवर्षं एका दस्तातून दुसऱ्या दस्तात चालत येते आणि कोणी वाचत नाही. पुढे वाद झाला की मात्र हेच वाक्य समोरचा माणूस मोठ्याने वाचून दाखवतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ इथे फार नेमका आहे. विक्रेत्याची कर्तव्यं सांगताना कलम ५५ म्हणतं की मिळकतीच्या स्वरूपाला जसा ताबा देता येईल तसा त्याने द्यायचा. भाडेकरू बसलेल्या जागेचा प्रत्यक्ष ताबा विक्रेत्याकडे नसतोच, मग तो देणार कुठून? तो देतो ती मालकाची जागा: भाडं घेण्याचा हक्क, पावती फाडण्याची जबाबदारी, दुरुस्तीचं ओझं, आणि कायद्याने सांगितलेली कारणं असतील तरच जागा परत मागण्याची मुभा. कलम १०९ हेच दुसऱ्या बाजूने सांगतं. घेणारा माणूस जुन्या मालकाच्या हक्कांत आणि, भाडेकरूने तसं ठरवलं तर, त्याच्या जबाबदाऱ्यांतही येऊन उभा राहतो. भाडेकरूने नव्या मालकाला वेगळी मान्यता द्यावी लागत नाही, आणि त्याने ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ म्हणूनही चालत नाही.

त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये ‘जाणीव’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. जागेच्या प्रत्यक्ष ताब्यात जो असेल त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला आहे असंच कायदा धरून चालतो. ‘आम्ही विचारलंच नाही’ ही सबब उरत नाही. म्हणून दस्त बाजूला ठेवून मी बहीण-भावाला म्हटलं, रविवारी सकाळी आपण तिघं जाऊ आणि पाचही दारं वाजवू. विक्रेत्याला हे फारसं रुचलं नाही. “भाडेकरूंना कशाला उगाच जागं करता?” असं तो फोनवर म्हणाला. एवढं ऐकल्यावर तर जाणं भागच होतं.

दुसरा मजला, पुढची बाजू

इथे एक तरुण जोडपं राहत होतं. नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, त्यातले चार महिने झालेले, अनामत पन्नास हजार. कागद स्वच्छ, माणसं सरळ.

पण ते भाडेकरू नव्हतेच. बोलताना आपण त्यांना भाडेकरू म्हणतो, ते स्वतःही म्हणतात. कायद्याने ते परवानाधारक. त्यांना जागेत हितसंबंध मिळत नाही, ठरावीक काळ वापरण्याची मुभा मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याची मुदत संपली की जागा परत करावी लागते. ती दिली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई लागते. त्याहून महत्त्वाचं, सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मिळकत विकली गेली की नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या परवान्याने बांधला जात नाही.

म्हणजे गंमत बघा. जो १९० रुपये देतो त्याचा हक्क तुमच्या मानेवर आपोआप येऊन बसतो, आणि जो १४,००० देतो त्याचा येत नाही. भावाने यादीतली बेरीज परत पाहिली. १५,१६५ पैकी १४,००० या एकाच दारातून येत होते, आणि तेच उत्पन्न सात महिन्यांत संपणारं होतं. उरलेले ५०० किती खरे आहेत ते आम्हाला अजून पाहायचं होतं. खऱ्या अर्थाने टिकणारं भाडं ६६५ रुपये महिना. वर्षाचे ७,९८०. वाड्याच्या मिळकतकराचं बिल याहून जास्त होतं.

जोडप्याला आम्ही एवढंच सांगितलं की व्यवहार झाला तर उरलेल्या मुदतीचा नवा करार करू. त्यांची अनामत विक्रेत्याकडून किमतीत वळती करून घ्यायची असं टिपणात लिहून ठेवलं. मुदत संपल्यावर ते पन्नास हजार नव्या मालकाच्याच दारात मागितले जाणार होते.

पहिला मजला

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण या वाड्याचं खरं वजन या दोन खोल्यांत होतं.

विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलं होतं: “वरच्या आजी थकबाकीदार आहेत. पाच वर्षं भाडं नाही. पावत्या त्यांच्या वडिलांच्या नावावर, तेही वारले. त्यांना काढायला तुम्हाला काहीच अडचण नाही.” यादीत मात्र याच दाराला १९० रुपये भाडं दाखवलं होतं. एकाच कागदावर आजी बेरजेसाठी भाडं भरणाऱ्या, आणि तोंडी थकबाकीदार.

आजी पंचाहत्तरीच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वडिलांकडेच राहिल्या. वडील १९९४ मध्ये गेले. आम्ही का आलो ते सांगितल्यावर त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात १९६१ पासूनच्या पावत्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत, वर सुती दोरा. जुन्या पावत्यांचा कागद इतका पातळ झाला होता की मागची अक्षरं पुढे दिसत होती. प्रत्येक पावतीवर भाडं वेगळं, पाणीपट्टी वेगळी, कराची वाढ वेगळी. आणि सगळ्यांत वर एक नवा गठ्ठा: विक्रेत्याच्या पत्त्यावर पाठवलेल्या मनीऑर्डरी परत आल्याचे कागद. ‘घेण्यास नकार’.

“भाडं मी कधी चुकवलं नाही, बाई,” आजी म्हणाल्या. “त्यांनी घेणं बंद केलं. बिल्डर येणारे, तुम्ही दुसरीकडे बघा, म्हणाले. मी पोस्टात जाऊन पाठवत राहिले. किती वेळा पाठवायचं, सांगा.”

आता कायदा काय म्हणतो ते बघू. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ प्रमाणे भाडेकरू प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने ठरणारं भाडं, आणि परवानगी असलेली वाढ भरत असेल, किंवा भरायला तयार आणि राजी असेल, तोवर मालकाला ताबा मागता येत नाही. ‘तयार आणि राजी’ हे शब्द फार मोलाचे आहेत. भाडं मालकाच्या खिशात पोचलं का, एवढाच प्रश्न नाही. मालकाने हात मागे घेतला म्हणून भाडेकरू थकबाकीदार होत नाही. शिवाय थकबाकीसाठी दावा लावायचा तर आधी लेखी मागणीची नोटीस, त्यानंतर नव्वद दिवस. ती नोटीस कधी गेलीच नव्हती. आणि दावा लागलाच तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने सगळी रक्कम पंधरा टक्के साध्या व्याजासह आणि खर्चासह न्यायालयात भरली, तर त्या कारणावर जागा जात नाही.

त्यात आणखी एक पदर. विक्रीआधीची थकबाकी खरेदीदाराकडे आपोआप येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मध्ये ते स्पष्ट आहे. विक्रेता ज्या ‘पाच वर्षांच्या थकबाकी’ला मिळकतीचा गुण म्हणून विकत होता, ती मुळात थकबाकी नव्हती, आणि असती तरी वेगळी लिहून घेतल्याशिवाय या बहीण-भावाची झाली नसती.

राहिला नावाचा प्रश्न. भाडे कायद्याच्या कलम ७ मधली भाडेकरूची व्याख्या मूळ भाडेकरूवर संपत नाही. तो वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते, मृत्यू हा कायदा येण्याआधीचा असो की नंतरचा. अशी व्यक्ती नसेल तर वारस, आणि वारसांचं एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. आजी वडिलांसोबतच राहत होत्या. जुनं रेशनकार्ड, मतदारयादी, वडिलांच्या दवाखान्याची कागदपत्रं, सगळं त्या डब्यात होतं. पावतीवर वडिलांचं नाव राहिलं हा मालकाचा आळस, आजींच्या हक्कातली खोट नव्हे.

खाली उतरताना जिन्यात भाऊ म्हणाला, “म्हणजे या खोल्या आमच्या असून आमच्या नाहीत.”

“आजींच्या हयातीत तर नाहीतच, असंच धरून किंमत ठरवा,” मी म्हटलं. खऱ्या गरजेसाठी मालक जागा मागू शकतो, कलम १६ मध्ये ते कारण आहे. पण तिथेच न्यायालय तुलना करतं: जागा नाही मिळाली तर मालकाला त्रास किती, आणि द्यावी लागली तर भाडेकरूला किती. एका पारड्यात तळमजला हवा असलेली आई, दुसऱ्यात जायला कुठेच जागा नसलेल्या आजी, आणि त्याही पहिल्या मजल्यावरच्या! असा दावा मी लावला नसता, आणि या दोघांनाही तो लावायचा नव्हता, हे बहिणीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती आजींच्या पायाची सूज पाहून आली होती आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारूनही.

भाडं इतकं कमी का, हा प्रश्न त्या दिवशी दोघांनी मला तीनदा विचारला. उत्तर जुनं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात प्रमाण भाड्याची सांगड १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी घातली होती. महागाई वाढत गेली, भाडं तिथेच. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी अवाजवी झाल्याचं सांगितलं, आणि ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करता येते. आजींच्या १९० रुपयांवर ती पहिल्या वर्षी ७ रुपये ६० पैसे होते. मालकांवर अन्याय झाला हे मी नाकारत नाही. पण त्या अन्यायाचा हिशेब शेवटच्या खोलीत उरलेल्या म्हातारीकडून वसूल करावा, हे मला कधीच पटलेलं नाही.

तळमजला: एक गाळा, एक कुलूप

रस्त्याकडचा गाळा घड्याळदुरुस्तीसाठी १९६८ मध्ये दिलेला. वडिलांनंतर मुलगा. आज तिथे दर्शनी भागात मोबाईलची कव्हरं टांगलेली, आणि कोपऱ्यात भिंग लावलेलं घड्याळाचं टेबल. टेबलावर मुलगा, कव्हरांपाशी दुसराच एक जण. “तो माझा भागीदार,” मुलगा म्हणाला, आणि भागीदारीचा कागद दाखवला. भागीदारी खरी असेल तर ते पोटभाडं नव्हे. नावापुरती असेल आणि गाळ्याची किल्ली, गल्ला, ताबा सगळं दुसऱ्याच्याच हातात गेलं असेल, तर कलम १६ खाली जागा परत मागण्याचं कारण होऊ शकतं. पण ते पुराव्याने, लघुवाद न्यायालयात, आणि वेळ देऊन. एका रविवारच्या भेटीत ते ठरत नाही. मुलाने जाता जाता हेही ऐकवलं की सुरुवातीलाच पागडी दिलेली आहे, “म्हणजे अर्धी मालकी आमचीच.” मालकी नाही. पागडीने कोणी मालक होत नाही. पण अशी रक्कम घेणं-देणं २००० नंतरच्या कायद्यात, कलम ५६ खाली, उघडपणे मान्य आहे. भाडेकरू हक्क दुसऱ्याला द्यायचा तर मालकाची संमती आणि त्याचा मोबदला हा व्यवहार राजरोस होऊ शकतो. हाच गाळा एखाद्या बँकेला किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपनीला दिलेला असता, तर भाडे कायद्याच्याच कलम ३ मुळे त्याचं संरक्षण नसतं. घड्याळवाल्याला ते आहे.

मागच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. ज्या आईसाठी मनात धरल्या होत्या, त्याच खोल्या. कुलपावर गंज, दाराच्या फटीत वर्तमानपत्रांची जाहिरातपत्रकं साचलेली. शेजारचे म्हणाले, कुटुंब कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलं, आठ-नऊ वर्षं झाली. भाडं मात्र दर तीन महिन्यांनी बँकेतून नियमित जमा. म्हणजे वर आजी राहतात आणि त्यांचं भाडं घेतलं जात नाही. खाली भाडं येतं आणि राहत कोणी नाही. यादीत दोन्ही ‘भाडेकरू’.

ज्या कारणासाठी जागा दिली त्यासाठी ती सबळ कारणाशिवाय, दाव्याच्या लगेच आधी सलग सहा महिने वापरलीच नाही, तर मालकाला ती परत मागता येते. नियमित भाडं भरलं म्हणून हे कारण पुसलं जात नाही. वीजबिलं पाहिली: महिन्यामागून महिने फक्त स्थिर आकार, वापर शून्य. हे या वाड्यातलं सगळ्यांत मजबूत प्रकरण होतं. तरी मी दावा सुचवला नाही. त्या भाडेकरूला फोन करा, असं सुचवलं.

दुसरा मजला, मागची खोली

शेवटचं दार. यादीप्रमाणे ५०० रुपये. विक्रेत्याने तीन पावत्यांच्या स्थळप्रतीही दिल्या होत्या: एप्रिल, मे, जून. क्रमांक ४१, ४२, ४३. मी गाळेवाल्याकडच्या त्याच तीन महिन्यांच्या पावत्या मागून घेतल्या होत्या. बुक तेच, क्रमांक ३८, ३९, ४०. दर महिन्याला दोघांनाही पावती दिली असती तर क्रमांक एकाआड एक आले असते. या तीन पावत्या एका बैठकीत, जूननंतर फाडल्या होत्या.

दार उघडलं ते पन्नाशीच्या गृहस्थांनी. विक्रेत्याचे आतेभाऊ. भाडं किती देता, असं विचारल्यावर ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले.

“मी भाडेकरू नाही. हे माझ्या आजोबांचं घर आहे.”

घरी येऊन मालमत्ता पत्रक पुन्हा काढलं. आजोबांनंतर दोन नावं लागली होती, विक्रेत्याचे वडील आणि त्यांची बहीण. बहिणीचं नाव कधी कमी झालंच नव्हतं. विक्रेता म्हणाला, आत्याने हक्क सोडला होता, कागद आहे. कागद होता. स्टॅम्पपेपरवर चार ओळी, सही, साक्षीदार एक, नोंदणी नाही. स्थावर मिळकतीतला हक्क अशा कागदाने सुटत नाही, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. आत्या हयात नाही, आणि तिचा एकुलता एक मुलगा त्या खोलीत राहतो आहे. ज्याला यादीत ५०० रुपयांचा भाडेकरू केलं, तो सहमालक निघाला.

माझ्या कामात मला सगळ्यांत जास्त भीती या ओळीची वाटते. संरक्षित भाडेकरू जड जातो, पण तो काय आहे हे कळतं आणि किमतीत धरता येतं. भाडेकरूच्या वेषात उभा केलेला मालक मात्र सगळा व्यवहारच पोखरून टाकतो. दार न वाजवता सही झाली असती, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ प्रमाणे त्याच्या हक्काची जाणीव या बहीण-भावाला होतीच असं धरलं गेलं असतं. तो तर तिथे राहतच होता.

यादी पुन्हा लिहिली

आम्ही विक्रेत्याला नवी यादी पाठवली. पाच ओळी त्याच, पण प्रत्येक ओळीपुढे: कोण, कोणत्या हक्काने, कधीपासून, कोणता कागद, भाडं घेतलं शेवटचं कधी, अनामत कोणाकडे, आणि खरेदीदाराला मिळणारा ताबा कोणत्या प्रकारचा. विक्रेता रागावला. व्यवहार दोन महिने थांबला. या काळात बँकेचा मूल्यांकक येऊन गेला आणि भाडेकरूंच्या ताब्यातला भाग त्याने जवळजवळ हिशेबातच घेतला नाही. रिकामा आणि भाडेकरूंचा असे दोन भाग त्याच्या अहवालात वेगळे होते. गंमत म्हणजे विक्रेत्याला पटलं ते माझ्या पत्राने नाही, त्या अहवालाने.

अखेर जे ठरलं ते असं. आतेभाऊ खरेदीखतात विक्रेते म्हणून सामील झाले, त्यांच्या हिश्श्याची रक्कम थेट त्यांच्या खात्यात, आणि त्यांची खोली नोंदणीच्या दिवशी रिकामी. आजींचं विक्रीआधीचं सगळं भाडं विक्रेत्याने स्वीकारून पावती दिली आणि त्या भाडेकरू असल्याचं त्यांच्या नावाने दस्तात लिहिलं. कोथरूडच्या कुटुंबाशी आठ-दहा बैठका झाल्या. त्यांनी आधी मागितलेली रक्कम ऐकून भाऊ उठून गेला होता, पण वीजबिलांची फाईल टेबलावर ठेवल्यावर बोलणं जमिनीवर आलं. ठरलेला मोबदला घेऊन त्यांनी भाडेकरू हक्क नोंदणीकृत दस्ताने परत केला. तो खर्च विक्रेता आणि खरेदीदारांनी निम्मा-निम्मा उचलला.

गाळ्याचा प्रश्न सुटला नाही. तो तसाच विकत घेतला, गाळा भाडेकरूकडेच राहणार असं धरून, आणि दस्तात कुठेही ‘पोटभाडेकरू’ किंवा ‘भागीदार’ यातला एकही शब्द न वापरता. जे आपल्याला माहीत नाही ते कबूलही करायचं नाही आणि आरोपही करायचा नाही.

वाडा पाडून नवी इमारत उभी करण्याचा विचारही भावाच्या मनात येऊन गेला होता. त्याला मी २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, सांगलीचं. महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, कारण भाडेपट्टा जमिनीलाही धरून असतो. आणि मालक स्वतः पाडून बांधणार असेल तरी मंजूर नकाशे, पैशांची तयारी, भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा हे सगळं आधी दाखवावं लागतं. तो विषय तिथेच मिटला.

मसुद्यातलं ‘खुला, रिकामा व प्रत्यक्ष ताबा’ मी खोडलं आणि तीन वाक्यं लिहिली. मागच्या दोन खोल्या आणि दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली यांचा प्रत्यक्ष ताबा. गाळा आणि पहिला मजला यांचा ताबा भाडेकरूंमार्फत, त्यांचे हक्क कायम ठेवून. दुसऱ्या मजल्याची पुढची बाजू परवानाधारकाच्या वापरात, नवा करार सोबत. नोंदणीनंतर दुसऱ्याच दिवशी भाडेकरूंना मालक बदलल्याची पत्रं हातोहात दिली आणि पोच घेतली. हे लगेच करावं लागतं. विक्रीची खबर नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर ते त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही.

भावाचा पहिला फोन आला तो जूनच्या मध्यावर, भाड्याबद्दल नव्हे. आजींच्या स्वयंपाकघरात गळत होतं. छताचं लाकूड कुजलेलं, गवंड्याचा अंदाज ३८,००० रुपये. “हे आम्ही करायचं?” तो विचारत होता.

भाडे कायद्याच्या कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. मालकाने पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आजींच्या बाबतीत तो चतुर्थांश वर्षाला ५७० रुपये. या हिशेबाने हा खर्च फिटायला जवळजवळ सदुसष्ट वर्षं लागली असती. मी आकडा सांगितला आणि गप्प बसले. तो म्हणाला, “गवंडी उद्या येतोय. मी विचारलं ते फक्त पावती कोणाच्या नावाने फाडायची म्हणून. भाडं घेऊन त्या खाली आल्यात. आईपाशी बसल्यात.”

आजींचं स्वतःचं नाव, मी सांगितलं. खाली कंसात वडिलांचं, आणि ‘यांची कन्या’. पावती क्रमांक १.